ओळखीची जागा

निवाऱ्यात पिल्लू आलं तर ते फार दिवस राहत नाही. कुणीतरी फोटो बघतं, रविवारी घरची सगळी मंडळी येतात, मुलं त्याला मांडीवर घेतात आणि पिल्लू त्यांच्यासोबत रिक्षात बसून निघून जातं. मागे राहतात ती म्हातारी कुत्री. शिवाय ज्यांचे मागचे पाय गेले आहेत, ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, अपघातानंतर ज्यांचा एक पाय काढावा लागला आहे, किंवा डिस्टेंपरच्या आजारातून वाचल्यावर ज्यांचा जबडा नाहीतर पाय कायमचा झटके देत राहिला आहे, अशीही राहतात.

मी ठाण्यातल्या माजिवड्यात राहते आणि घोडबंदर रोडच्या बाजूला एका लहान निवाऱ्यात काम करते. सुरुवातीला सगळीच कुत्री माझ्या हाताखाली होती. हळूहळू ही मागे राहणारी मंडळी माझ्या वाट्याला आली आणि आता ती सोडून दुसरं काम मला नको आहे. औषध, खाणं, स्वच्छता तर यांना लागतेच. पण हे सगळं अंगी लागतं ते ओळखीच्या जागेत, ओळखीच्या हातानं, ठरलेल्या वेळेला दिलं तर. तरुण कुत्रं नवी जागा चार दिवसांत आपलीशी करतं. म्हाताऱ्या कुत्र्याची नजर, कान, पाय एकेक करून साथ सोडत असतात आणि ते जगत असतं ओळखीच्या आधारावर. तो आधार काढून घेतला की चांगलं औषधही अपुरं पडतं.

माजिवडा म्हणजे मोठ्या रस्त्यांचा नाका. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग इथून पुढे नाशिककडे जातो, घोडबंदर रोड इथून फुटतो, आणि रात्री गुजरातच्या दिशेनं कंटेनर सुरू झाले की पहाटेपर्यंत थांबत नाहीत. त्यात गेली काही वर्षं मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे, खड्डे, वळवलेले रस्ते. कुत्र्यांचे रस्ता ओलांडायचे जुने मार्ग त्यात बुजले. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या अपंग कुत्र्यांतली बरीचशी या रस्त्यांनी दिलेली आहेत.

पाठीला मार लागलेलं कुत्रं आलं की डॉक्टर आधी त्याच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यानं दाबतात. नुसता पाय आखडला तर त्यावर फार भरवसा ठेवता येत नाही, कारण ती हालचाल मणक्याच्या पातळीवरच होऊ शकते. कुत्र्यानं मान वळवून बघितलं, कण्हलं, चावायला आलं, तर वेदना मेंदूपर्यंत पोहोचते आहे आणि पाय परत येण्याची आशा आहे. अशा वेळी चावायला धावलेल्या कुत्र्याकडे बघून आम्हाला हायसं वाटतं. म्हणून रस्त्यावर जखमी कुत्रं दिसलं तर त्याला पायांना धरून उचलू नका. आधी तोंडाला ओढणी किंवा पट्टी बांधा, मग फळीवर किंवा दोन बाजूंनी ताणलेल्या चादरीवर पाठ सरळ ठेवून उचला. चुकीचं उचललं तर त्या पाच मिनिटांत अर्धवट दुखावलेला मणका पूर्ण जाऊ शकतो.

चिंगी आली तेव्हा तिच्या पायांत ती जाणीव उरली नव्हती. कापूरबावडीच्या बाजूनं एका रिक्षावाल्या दादांनी तिला आणलं होतं. तिचे मागचे पाय परत येणार नाहीत हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट झालं. मग तिचं आयुष्य आणि माझं काम घड्याळावर आलं. मणक्याला अशी इजा झालेल्या कुत्र्याला स्वतःहून लघवी करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय हातानं दाबून रिकामं करावं लागतं. पोटाच्या मागच्या भागात ते पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं आणि त्यावर दाब कुठून, किती द्यायचा हे हातालाच शिकावं लागतं. एक वेळ चुकली की लघवी साचते, साचली की जंतू वाढतात, आणि गढूळ रंग व उग्र वास आला की पुढचे कित्येक दिवस औषधांत जातात. एका कुशीवर पडून राहिलं की कमरेच्या हाडावर जखम होते, म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. गादीवर रेक्झिन, रेक्झिनवर कोरडी चादर, आणि चादर ओली झाली की त्याच क्षणी दुसरी. पावसाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली की दिवसभरात त्यातून अळ्या निघतात आणि मांसात शिरतात.

पुढे चिंगीला चाकगाडी मिळाली. हलक्या पाइपांचा सांगाडा, दोन चाकं, कमरेखाली कापडी झोळी. गाडीत बसवलं की कुत्रं पळायला लागतं असं व्हिडिओ बघून लोकांना वाटतं. प्रत्यक्षात सुरुवात पाच-दहा मिनिटांपासून होते, पुढच्या पायांत आणि खांद्यांत बळ यावं लागतं, झोळी कुठे घासते ते रोज तपासावं लागतं. चिंगीनं आधी वेळ ओळखली आणि मग गाडी. सकाळी बादलीचा आवाज झाला की ती पुढच्या पायांवर सरकत स्वतःच आपल्या चटईपाशी येऊ लागली. वेळा पाळल्या गेल्या तसं तिचं शरीर त्या वेळांना तयार होऊ लागलं. मन हेलावलं म्हणून आलेला माणूस दोन तास बसतो आणि जातो. त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण चिंगी जगली ती सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, सणावारालासुद्धा, कुणीतरी त्याच वेळेला तिच्यापाशी बसलं म्हणून.

काळूचं दुखणं वेगळं होतं. तो माजिवडा गावठाणाजवळच्या एका जुन्या सोसायटीचा कुत्रा. त्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि कुटुंबं भाड्याच्या घरांत पांगली, कुणी कासारवडवलीला, कुणी डोंबिवलीला. आवाराला पत्रे लागले. म्हातारपणानं जवळजवळ आंधळा झालेला काळू पत्र्याच्या बाहेर राहिला. जिथे फाटक होतं तिथे नाक लावून बसायचा. जिना कुठे, पाण्याचं भांडं कुठे, दुपारची सावली कुठे, हे त्याला डोळ्यांवाचून माहीत होतं आणि ते सगळं एका महिन्यात नाहीसं झालं.

आमच्याकडे आणल्यावर तो भिंतीला अंग लावून खोलीभर फिरत राहिला. खाईना. आंधळ्या कुत्र्याच्या बाबतीत आम्ही काही नियम कडक पाळतो. भांडं एकाच कोपऱ्यात, चटई एकाच जागी, आणि खोलीतली एकही वस्तू हलवायची नाही. हात लावण्याआधी आवाज द्यायचा, आणि कानानंही कमी असेल तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे त्याला कंपनानं कळतं. झोपेत अचानक हात लागला तर गरीब कुत्रंही दचकून चावतं आणि त्याच्यावर चावरा असा शिक्का बसतो. हे सगळं करूनही काळू दोन घास खाऊन थांबायचा. मग त्याच्या गल्लीच्या तोंडाशी फुलं विकणाऱ्या मावशी एका दुपारी आल्या. त्यांनी आपली जुनी साडी आणली होती. त्या काळूशी काही विशेष बोलल्या नाहीत, नेहमीसारखं त्याला रागावल्या. काळू उठला, आवाजाच्या दिशेनं चालत गेला आणि त्यांच्या पायाशी बसला. ती साडी चटईवर घातली तेव्हापासून तो नीट जेवू लागला.

मावशी म्हणाल्या, “ताई, याला तुम्ही चांगलं ठेवलंय. पण मी आता पलीकडच्या गल्लीत बसते. तिथे सोडाल का? मी सकाळी सहाला येते, रात्री नऊला जाते. माझा आवाज ऐकत पडून राहील.” आम्ही आधी ती गल्ली बघून आलो. गाड्यांची वर्दळ कमी होती, एका दुकानाचा ओटा होता, आणि रात्रीचे वॉचमन काका लक्ष ठेवायला तयार झाले. लस होती, निर्बीजीकरणाची खूण म्हणून कानाला खाच होती. काळूला आम्ही तिथे सोडलं. निवाऱ्याचं काम कुत्री साठवणं हे नाही अशी माझी तेव्हापासून पक्की धारणा आहे. कुठलं कुत्रं परत जाऊ शकतं हे ओळखणं, आणि जे जाऊ शकत नाही त्याच्यासाठी निवाऱ्यातच ओळखीची जागा तयार करणं, ही आमची खरी जबाबदारी.

आपला कायदाही बराचसा या ओळखीवर उभा आहे. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले आणि मार्च २०२३ मध्ये नव्यानं अधिसूचित झाले. त्यांचा गाभा असा की भटक्या कुत्र्याला पकडून निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची आणि त्याच जागी परत सोडायचं. यामागे दयेइतकाच व्यवहार आहे. जागा मोकळी झाली की तिथे बाहेरून लस न झालेली, पिल्लं घालणारी कुत्री येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात तो बदलून, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची लसीकरण आणि निर्बीजीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री मात्र निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला.

लोकांची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आम्ही हे काम करणारे आधीच लस घेऊन ठेवतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलांच्या शाळेच्या फाटकात आक्रमक कुत्रं नको हे मलाही मान्य आहे. पण निवारे भरायचे ठरवलं तर त्यांत म्हाताऱ्यांचं काय होतं हे मी जवळून बघितलं आहे. गर्दीच्या पिंजऱ्यात जेवणाच्या भांड्यापाशी पहिलं मागे ढकललं जातं ते म्हातारं कुत्रं. खोकला, जुलाब, ताप यांची साथ आली की पहिलं तेच कोसळतं. ज्या कुत्र्याला गल्लीतली दहा माणसं ओळखतात, जे दिवसातले बहुतेक तास झोपून काढतं आणि ज्याला लस झाली आहे, त्याला उचलून गर्दीत टाकल्यानं कुठलंही मूल अधिक सुरक्षित होत नाही.

मुंबई-ठाण्याच्या माणसाचा कुत्र्यांशी असलेला हा प्रश्न जुना आहे. १८३२ साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. १८७४ मध्ये शहरात प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था (एसपीसीए) आली आणि पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. अवघड शस्त्रक्रिया असली की आम्ही आजही परळची वाट धरतो. आता महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालयही आहे, आणि घोडबंदर रोडला ठाणे एसपीसीए आहे. उपचाराच्या सोयी वाढल्या याचा आनंद आहे. पण शस्त्रक्रिया एका दिवसात होते. त्यानंतरची वर्षं कुठे काढायची, हा प्रश्न रुग्णालयाच्या दारापाशी सुटत नाही.

पाळलेल्या कुत्र्यांचं म्हातारपण तर मला सगळ्यात जड जातं. रॉकी हा लॅब्रेडोर महामार्गालगत एका खांबाला बांधलेला सापडला. गळ्यात चांगला पट्टा, नखं नीट कापलेली, अंगावर वजन. कमरेचे सांधे इतके झिजलेले की बसलं की उठता येत नव्हतं. संध्याकाळी स्कूटरचा आवाज झाला की तो फाटकाकडे तोंड करून बसायचा. त्याच्या घरी काय घडलं असेल ते मला माहीत नाही. आजी-आजोबा वारले आणि कुत्रं त्यांचंच होतं, भाड्याच्या नव्या घराच्या मालकानं नाही म्हटलं, परदेशी जायचं ठरलं, औषधांचा खर्च झेपेना, अशी कारणं आम्ही रोज ऐकतो आणि त्यांतली काही खरीखुरी असतात. प्राणी उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधी माझी हात जोडून विनंती आहे. अडचण असेल तर समोर येऊन सांगा. त्याला कुठली औषधं चालू आहेत, काय खातो, कशाला घाबरतो, कुठल्या हाकेला उठतो, हे सांगा. त्याची चादर सोबत द्या. या माहितीवाचून आम्ही आठवडेच्या आठवडे अंधारात चाचपडतो आणि ते कुत्रं खांबापाशीच अडकून राहतं.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या खाण्यात बारकावे फार. दात झिजलेले असतात किंवा पडलेले, म्हणून भात आणि कोंबडी मऊ शिजवून, भोपळा घालून, मीठ, कांदा, लसूण न घालता कालवायचं. पाणी अचानक जास्त प्यायला लागलं तर मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यायची. सांधे दुखतात म्हणून घरातली आपली वेदनाशामक गोळी चुकूनही द्यायची नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्रं कोरडी भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मला त्या गोष्टीतली वाटी फार मोलाची वाटते. भाकरी मिळाली, काम झालं, असं त्यांनी मानलं नाही. खाणाऱ्याच्या घशाखाली ती कशी उतरेल याचा विचार त्यांनी केला. रस्त्यावर बिस्किटांचा पुडा फोडून जाणाऱ्या सज्जन माणसांना मी हेच सांगते. म्हाताऱ्या कुत्र्याला बिस्किटं टाकण्यापेक्षा मऊ दहीभात द्या आणि तो खाऊन होईपर्यंत तिथे उभे राहा, म्हणजे तरुण कुत्री येऊन त्याचा घास ओढणार नाहीत.

रॉकीला नेलं ते डोंबिवलीच्या काका-काकूंनी. दोघंही निवृत्त. मी त्यांना आधी एक तरणं, गरीब स्वभावाचं कुत्रं दाखवलं. काका म्हणाले, “तो दहा-बारा वर्षं जगेल. तोवर आमचं काय असेल? आमच्या मागे तो कुणाच्या दारात जाईल? आम्हाला आमच्या वयाचा द्या.” इतका सरळ आणि प्रेमळ विचार मी या कामात क्वचित ऐकला आहे. आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. लाद्या गुळगुळीत होत्या, तिथे रबरी चटया घालायला सांगितल्या, म्हणजे पाय घसरून सांधे आणखी दुखणार नाहीत. सोफ्याला उतरती फळी लावली. पहिले काही दिवस रॉकी दारापाशीच बसला. मग काकू रोज त्याच वेळेला चहा घेऊन गॅलरीत बसायच्या, ती वेळ त्यानं धरली. काकूंचा फोन आला, “आज तो माझ्याआधी गॅलरीत जाऊन बसला.” त्या दिवशी रॉकीला घर मिळालं असं मी मानते.

शेवटाचा निर्णय हा या कामातला सगळ्यात कठीण भाग. प्रत्येक म्हाताऱ्या कुत्र्यासाठी आमच्याकडे एक वही असते. आज खाल्लं का, स्वतः उठलं का, कोरडं झोपलं का, ओळखीच्या माणसाकडे बघून शेपटी हलवली का, वेदना किती, हे रोज लिहायचं. डोळ्यांसमोर रोज असणाऱ्या माणसाला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, वहीला दिसते. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले आणि डॉक्टरांच्या हातात काही उरलं नाही, तर वेदनारहित मरण देणं हाही सेवेचाच भाग आहे असं मी मनापासून मानते. आधी गुंगीचं औषध, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. त्यासाठी आम्ही त्याला टेबलावर नेत नाही, डॉक्टर त्याच्या चादरीपाशी येऊन बसतात. जवळ बसतो तो त्याला रोज भरवणारा माणूस. चिंगी अशीच गेली, पुष्कळ वर्षं चाकगाडीवर हिंडून झाल्यावर. रडू येतं, आणि ते आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी बादल्या भरायच्याच असतात, कारण बाकीचे त्या आवाजाची वाट बघत असतात.

हे वाचणाऱ्या प्रत्येकानं निवाऱ्यात यावं असं मी म्हणत नाही. तुमच्या गल्लीत एखादं म्हातारं कुत्रं असेलच. त्याच्यासाठी पाण्याचं भांडं एकाच जागी ठेवा. पावसाळ्यात कोरडं गोणपाट द्या. रात्री चमकणारा पट्टा गळ्यात घाला. कानानं कमी झालेली कुत्री गाडीखाली झोपतात आणि इंजिनाचा आवाज त्यांना कळत नाही, म्हणून गाडी सुरू करण्याआधी वाकून बघा. निवाऱ्यातून कुत्रं घ्यायचंच असेल तर मागच्या खोलीत कोण आहे ते विचारा.

आणि एक गोष्ट सोसायट्यांना. माजिवड्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. त्यासाठी सभा होतात. चटईक्षेत्र, भाडं, पार्किंग, देऊळ कुठे हलवायचं, सगळ्यावर तास न् तास चर्चा होते. त्या सभेच्या इतिवृत्तात एक ठराव आवारातल्या कुत्र्यांचा असू द्या. कोणतं कुत्रं कोण सोबत नेणार, जे नेता येत नाही त्याला शेजारच्या कुठल्या गल्लीत कोण सांभाळणार, लशीची तारीख कोण लक्षात ठेवणार, खर्च कसा वाटायचा, हे नावानिशी लिहा आणि पत्रे ठोकायच्या आधी अमलात आणा. ज्यानं दहा वर्षं तुमच्या फाटकाची राखण केली, त्याच्या म्हातारपणाची सोय करायला एवढा एक ठराव पुरेसा आहे.